निऱ्यांत गेलेला ठिपका

माझ्या वडिलांनी मला लग्नात शिलाई मशीन दिलं नाही, एअरब्रश दिला. मालेगावच्या एका फोटो स्टुडिओत ते काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरायचे, ते त्यांचंच हत्यार. जाड पेनाएवढं. वर रंगाची वाटी, पोटात लांब सुई. बटण ओढलं की सुई मागे सरते आणि रंग फवाऱ्यासारखा उडतो. सोडलं की सुई पुढे येऊन भोक बंद करते. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब, पंक्चरवाल्याकडून फुगवून आणायची. नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये ती ट्यूब दारातून आत घेताना सासूबाई म्हणाल्या, "गोदावरीत पोहायला निघालीस का?" पण नको म्हणाल्या नाहीत. पहिले आभार त्याचेच.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. धाकट्या नणंदेचं लग्न डिसेंबरात ठरलं. सासूबाईंनी ट्रंकेतून मोतिया रंगाची रेशमी साडी काढली. शेवंतीचा मळा करणाऱ्या त्यांच्या भावाने दिलेली, आणि रेशमी म्हणावी अशी त्यांच्याकडे तेवढी एकच. "सीमांतपूजनाला पोरगी हीच नेसंल. लय साधी दिसती. तुझ्या त्या फुसफुसीनं फुलं काढ हिच्यावर," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी निळ्या गोकर्णीची फुलं ठरवली. मी तापट, आणि तापट माणसाला आत्मविश्वास जरा जास्तच असतो.

ब्रशला तेल द्यायचं होतं. मशीनचं तेल घरात होतं, पण त्याचा वास येईल, रेशमाला डाग पडेल, म्हणून मी डोकं चालवलं आणि सुईला शुद्ध खोबरेल लावलं. दुपारी वर्तमानपत्रावर चालवून पाहिलं. लोण्यासारखं चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर गेल्यावर मी मागच्या पडवीत साडी ताणून बसले. तीन फुलं सुरेख उमटली. चौथ्याला बटण सोडलं, पण रंग थांबलाच नाही. थुंकल्यासारखा निळा ठिपका पडला, चांगला आठ आण्याएवढा, पुढच्या निऱ्यांच्या जागी. मी पुसायला गेले तर तो पसरला. मी ब्रश आपटला नाही एवढंच. रडले मात्र भरपूर.

सासूबाई आल्या, वाकून बघितलं. मी म्हणाले, "आई, मी नासवली साडी." त्यांनी ठिपक्यावर अंगठा ठेवला. "निऱ्यांत जाईल. बाकीचं नीट कर."

आता बाकीचं नीट करायला ब्रश तर नीट हवा! लग्नाला नऊ दिवस. साडीला हात न लावता मी रोज सकाळी कागदावर चाचणी घेऊ लागले. पहिल्या दिवशी वाटलं, हवा कमी पडतेय. ट्यूब पुन्हा फुगवून आणली, दुपारी ब्रश उत्तम चालला. मी खूश. दुसऱ्या सकाळी पुन्हा थुंकला. मग रंग दाट असेल म्हणून मलमलीतून गाळला, दुपारी उत्तम. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तोंडाचा भाग काढून पाण्यात भिजवला, सुकून गुठळी झालेला रंग टोकदार काडीने काढला, दुपारी उत्तम. रोज दुपारी मला वाटायचं, सापडलं! आणि रोज सकाळी तोंडावर आपटायचे. त्या दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

सासूबाई अंगणातल्या उन्हात बसून हे सगळं बघत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "सकाळी बिघडतं न दुपारी सुधरतं. थंडी वाजती का त्याला?" मी चिडून म्हणाले, "आई, लोखंडाला कसली थंडी?"

"आत तेल कोणतं घातलंस?"

"खोबरेल."

त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मग शेजारी नुकतीच उन्हात ठेवलेली डोक्याच्या तेलाची बाटली उचलून माझ्यासमोर उलटी धरली. थेंब पडला नाही. आत पांढरा गोळा. "नाशकाच्या थंडीत खोबरेल वितळायला मी रोज इथं बसती, न तू ते सुईला लावती व्हय!"

रोज सकाळी सुई थिजलेल्या तेलात अडकत होती, आणि अकराचं ऊन पडवीत आलं की सुटत होती. माझ्या दुरुस्त्या कुठल्याच कामाच्या नव्हत्या. मी सुई थिनरने पुसली, मशीनच्या तेलाचा एक थेंब लावला, आणि चार दिवसांत साडी पुरी केली. सीमांतपूजनाला नणंदेच्या निऱ्या सासूबाईंनी स्वतः घातल्या. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

पुढे बारा-तेरा वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या वर्षी आमच्या घरात माझ्या मुलाची मुंज होती. नणंद तीच साडी घेऊन आली. गोकर्ण थोडी फिकी झाली होती, पण उडाली नव्हती.

"वहिनी, निऱ्या तू घाल. आईशिवाय मला जमत नाहीत. तो निळा डाग आत गेला पाहिजे."

मी गुडघ्यांवर बसून निऱ्या मोजत होते. हात थांबला. "तुला माहीत आहे डागाचं?"

"मग! आईनेच सांगितलं होतं. म्हणाली, तुझ्या वहिनीनं जीव ओतून रंगवली, आन् माझाच धक्का लागला बघ, म्हातारीचा. मरेपर्यंत हळहळायची."

एवढी वर्षं मी त्या बाईंच्या हसण्याबद्दल, त्या बाटलीबद्दल आभार मानत आले, आणि त्यांनी माझी चूक कधीच आपल्या नावावर घेऊन टाकली होती.

ठिपका माझ्या अंगठ्याखाली होता. मी तो आत घातला नाही, वरच्या निरीवर ठेवला आणि पिन लावली.

"अगं वहिनी, दिसतोय तो!"

"दिसू दे," मी म्हणाले. "तो माझ्या हातून पडलाय."