रहाडीचा पहिला मान

शेखर पिंगळे आठवडाभर सातपूरच्या कारखान्यात लेथ चालवायचा आणि रविवारी पाहुण्यांना जुनं नाशिक दाखवत फिरायचा. कारखान्यात त्याच्या तोंडून चार शब्द निघायचे नाहीत. जुन्या नाशकात शिरला की मात्र गडी कुणाला ऐकायचा नाही. घाट, देवळं, भांडीबाजार असं करत तो शेवटी आपल्या गल्लीतल्या चौकात थांबायचा आणि पाय आपटून सांगायचा, "या रस्त्याखाली पेशवाईतली रहाड आहे." रहाड म्हणजे रंगाचा दगडी हौद. वर्षभर ओंडके आणि मातीखाली झाकलेला असतो, रंगपंचमीला उघडतात. "खंडेरावकाकांनी पूजा केल्याशिवाय आमच्या रहाडीत कुणी बोटसुद्धा बुडवत नाही. मग तो कितीही मोठा असो." हे सांगताना त्याची छाती अशी फुगायची, जणू मान त्याच्याच घराण्याचा.

तसा तो परका नव्हताच. वडील लवकर गेले आणि शेखर शेजारच्या खंडेरावकाकांकडेच लहानाचा मोठा झाला. रहाडीच्या सगळ्या गोष्टी त्याने काकांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या.

यंदा रंगपंचमीला त्याने मुंबईचे पाहुणे आणले. फुलं उकळून केलेला केशरी रंग हौदात पडला, ढोल सुरू झाला, पण काकांचा पत्ता नव्हता. गुडघ्यांनी जेरीला आलेला म्हातारा, चार घरं ओलांडायला त्याला वेळ लागणारच. पाहुण्यांना मात्र दुपारी निफाडकडच्या द्राक्षबागा गाठायच्या होत्या, आणि त्यांचा म्होरक्या सारखा घड्याळ बघत होता. शेखर कासावीस झाला. ही माणसं नाराज होऊन गेली, तर पुन्हा कोण येणार? काका काय, घरचेच. सांभाळून घेतील. घरची माणसं कशीही वागवली तरी चालतात, हे आपण सगळेच धरून चालतो. त्याने स्वतःच नारळ फोडला आणि म्हणाला, "चला, मारा उड्या!"

गल्लीतले लोक एकमेकांकडे बघत राहिले. पाहुणे धपाधप हौदात पडले.

तेवढ्यात सिंधुकाकूंच्या आधाराने काका आले. अंगात धुतलेला सदरा, हातात पूजेचं ताट. ढोलवाल्याने हात आखडला. भिजलेली निकिता, पाहुण्यांतलीच एक मुलगी, हौदातून निरागसपणे म्हणाली, "दादा, यांच्या पूजेआधी कुणी उतरत नाही म्हणाला होतात ना?"

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं शेखरला झालं.

काकांनी एकदा हौदाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हसून निकिताला म्हणाले, "मीच म्हटलं होतं त्याला. गुडघे चालत नाहीत, तू उरकून घे म्हणून." जन्मभर खोटं न बोललेला माणूस. त्यांनी काठावर वाकून हळद-कुंकू वाहिलं, ते पोहणाऱ्यांच्या पायांत विरघळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. काकांनी चारचौघांत कानाखाली वाजवली असती, तर शेखरला सोसलं असतं. हे सोसवेना.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर तो तसाच काकांच्या दारात जाऊन उभा राहिला. रंगपंचमीला रहाडीतून निघून ओल्या अंगाने याच दारात यायचं, काकूंच्या शिव्या खायच्या आणि थेट चुलीपाशी बसायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा रिवाज. आज अंगावर रंगाचा थेंब नव्हता. हौदात उतरायचं त्याचं धाडसच झालं नव्हतं.

"काका, चुकलो मी," तो म्हणाला.

"असू दे. पाहुण्यांसमोर गल्लीची शोभा व्हायला नको होती, एवढंच," काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सिंधुकाकू आतून आल्या. आजवर त्याला 'शेऱ्या'शिवाय दुसरी हाक न मारलेल्या काकूंनी खुर्ची पदराने पुसली, पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "या शेखरराव, बसा. चहा घेणार ना?"

शेखरला त्या खुर्चीवर बसवेना.