दाढ काढायला एकटाच

शुक्रवार, सकाळचे नऊ. डॉक्टरबाईंनी फोनवर बाराशे रुपये सांगितले होते, मी दोन हजार घेतले. सोबत कोणी नव्हतं.

म्हापशाच्या त्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत मी याआधी दोन शुक्रवार गेलो होतो. दोन्ही वेळा लवंगेच्या तेलाचा वास आला, मी वळलो आणि बाजार करून गावी, चोपड्याला परत आलो. एकदा मिरच्या आणल्या, एकदा केळी. घरात खाणारा मी एकटा. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बेळगावला गेली होती, तिला दोन महिने झाले होते. दाढेचं तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर बाळाला टाकून येईल, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे ती येणार नाही, याची भीती जास्त होती.

या खेपेला जिना चढलो. माझा नंबर चौथा होता. बाकावर बसलेल्या प्रत्येकाबरोबर कोणी ना कोणी होतं. एका म्हातारीबरोबर तर तिघं होते. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "खाऊन आलात ना?"

"नाही. रात्रीपासून पाणीसुद्धा नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणी सांगितलं नव्हतं. बायकोच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, तेवढंच माझ्या लक्षात होतं. बाई हसल्या नाहीत. "उपाशीपोटी इंजेक्शन दिलं तर चक्कर येईल. खाली जाऊन काहीतरी खा, अर्ध्या तासात या."

म्हणजे बाईंनीच मला बाहेर सोडलं. खाली उतरलो तेव्हा पाय हॉटेलकडे न जाता स्टँडकडे गेले. चोपड्याची बस उभी होती. चढलो, खिडकीशी बसलो. कंडक्टर आला, वीस रुपये दिले, तिकीट घेतलं. आठ दिवस गोळ्यांवर निघतील, मग बघू, असा हिशेब चालला होता.

शेजारी एक भाजीवाली येऊन बसली. टोपली रिकामी होती, सगळं विकून लवकर परत निघाली होती. माझा सुजलेला गाल तिनं पाहिला.

"दाढ मरे? काढली?"

"नाही. खाऊन या म्हणाले."

"मगे, खाल्लात?"

"नाही."

"आणि घराक चललात?"

उगाच तोंडातून निघून गेलं, "सोबत कोणी नाही हो."

तिनं टोपली मांडीवरून खाली ठेवली. "सोबत कित्याक? त्या खुर्चेर दोगां बसतत काय?"

मागच्या बाकावरचा माणूस हसला. मलाही हसू आलं, पण हसताना दाढेतून कानापर्यंत कळ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांचा हिशेब तिथंच खोटा ठरला. ड्रायव्हर गाडी सुरू करत होता. मी उठलो.

"देवतात? देवा," उतरा असं म्हणत तिनं पाय बाजूला घेतले आणि माझ्या खिडकीच्या जागेवर सरकली.

स्टँडजवळच्या हॉटेलात पातळभाजी घेतली. पाव तीत भिजवून एका बाजूनं गिळला, चव कळली नाही. समोरची खुर्ची कोणीतरी दुसऱ्या टेबलाला ओढून नेली. अर्ध्या तासाला सात मिनिटं कमी असताना मी परत बाकावर होतो.

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. आकडे मोजायचं ठरवलं होतं. इंजेक्शनला अकरापर्यंत गेलो, पुढे हाडातून कडकड ऐकू आली तेव्हा चुकलो. पुन्हा एकपासून धरले आणि साठच्या आत दाढ बाहेर आली. दुखलं नाही. नुसतं ओढल्यासारखं वाटलं.

नंतर कापूस चावून बाकावर बसलो. मदतनीस मुलगी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आली. "तुमच्याबरोबरचे कुठे आहेत? त्यांना समजावते."

बोलता येत नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

ती माझ्याच शेजारी बसली आणि कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, सगळं सावकाश दोनदा सांगितलं. मी बाराशे रुपये तिच्या हातात दिले.