पाह्यलं का आयकलं?

आरमोरीला भावाकडे गेले होते मी. दुपारी पुतण्या आला, दारातच थांबला आणि म्हणाला, “काकू, काका गेले.” मी त्याला विचारलं, “पाह्यलं का आयकलं?” भावजयीला वाटलं, माझं डोकं फिरलं. पुतण्यानं मान खाली घातली. “पाह्यलं.” तेव्हा कुठे मी घरी निघायला उठले...

हा प्रश्न मुळात यांचा. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, यांनी जन्मभर वकिली केली आणि समोरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक पक्षकाराला हेच विचारलं. त्यापायी कितीक जण वैतागून दुसऱ्या वकिलाकडे गेले. मी चिडायची, हे मिशीत हसायचे.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, तेव्हा नुकतीच गेली होती, मालगुजाराची ऐट मात्र जागच्या जागी होती. एका गावच्या तलावाचा दावा चालू होता, आणि निकाल लागेपर्यंत तलावातून शेतांना पाणी नेणारी नहर बंद करू नये, असा कोर्टाचा हुकूम होता. तरी ऐन धान गर्भात असताना मालगुजारानं नहर मातीनं बुजवली. देवाजी नावाच्या शेतकऱ्याला पुढे करून गाव आमच्या बैठकीत आलं. कोर्टाच्या अवमानाचा अर्ज हायकोर्टात करायचं ठरलं. देवाजी तावातावानं म्हणाला, “लिहा साहेब, मालगुजारानं सोता फावडा मारला!”

“पाह्यलं का आयकलं?”

“...आयकलं.”

“मंग नाई लिहत.”

देवाजी उठलाच. तिकडे धानाच्या बांध्यांना भेगा पडत होत्या आणि इथे वकील शब्द निवडत बसलेला! चहा देता देता मलाही राग आला. हे शांतपणे म्हणाले, “एक खोटं सापडलं, त तुमचं सारं खरं वाया जाईन. त्याले हुकूम माहीत होता, हे कोनाले ठाऊक हाय, ते सांगा.”

दाराशी बसलेली देवाजीची बायको, सीताबाई, तेव्हा पहिल्यांदा बोलली. नहर बुजवताना तिनंच मालगुजाराला हुकमाची आठवण करून दिली होती. तो म्हणाला होता, “कोर्ट चांद्याले हाय, तलाव इथी हाय.” यांनी ते प्रतिज्ञापत्रात लिहून तिला वाचून दाखवलं. ‘संतापून म्हणाले’ ऐकताच ती म्हणाली, “संतापले नाई, साहेब. हासून बोलले.” यांनी ओळ खोडली, नवी लिहिली. त्या खोडलेल्या ओळीचा मला आजही अभिमान वाटतो.

नागपूरला हायकोर्टात मालगुजारानं कानांवर हात ठेवले. म्हणे, हुकूम ठाऊकच नव्हता! सीताबाईला साक्षीला उभं केलं. त्याच्या वकिलानं तिला परोपरीनं डिवचलं, पण ‘हासून बोलले’ यापुढे तिनं एक शब्द वाढवला नाही. शेवटी मालगुजारानं माफी मागितली, नहर मोकळी झाली. निम्मं धान गेलं होतं, निम्मं वाचलं.

परवा सीताबाई काठी टेकत भेटायला आली आणि यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर, त्याच बाकावर बसली. भेटायला आलेलं कोणीतरी रंगवून सांगत होतं, वकीलसाहेब हायकोर्टात कसे वाघासारखे गरजले!

“गरजले-बिरजले नाई जी,” सीताबाई म्हणाली. “आवाज बारीकच होता त्यायचा.” मग खुर्चीकडे बघत राहिली. “पन नहरीले पानी आलं. ते मी पाह्यलं.”