कोरड्या सालातली शेगडी

चिकलठाण्यातल्या एका तीन मजली इमारतीत आवडाबाई शेळके राहतात. त्यांच्या ओट्यावरची दोन बर्नरची शेगडी २०११ साली मुलाच्या लग्नात आलेली आहे. तिची ज्योत आजही निळी आहे आणि पत्र्यावरून हात फिरवला तर बोटाला तेल लागत नाही. इमारतीत कुणाची शेगडी धूर ओकू लागली, तर आधी आवडाबाईंना बोलावणं जातं, मग मिस्त्रीला. याच शेगडीपायी एकदा त्यांच्या सुनेची नोकरी सुरू होण्याआधीच जायची वेळ आली होती.

२०१३ चा उन्हाळा होता. करमाडजवळच्या त्यांच्या गावात विहिरींनी तळ गाठला. नवरा, नानासाहेब, बैलं घेऊन चारा छावणीवर गेले आणि मुलगा ऋतुराज आईला शहरात घेऊन आला. त्यात त्याचीही गरज होती. बायकोला, सायलीला, शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. पाण्याचा टँकर दिवसा कधीही यायचा, म्हणून घरात कुणीतरी हवंच. शिवाय दोघांचे डबे. आवडाबाईंना घर सांभाळता आलं तरच सायलीला बाहेर पडता येणार होतं.

आवडाबाईंचा जन्म चुलीपुढे गेलेला. आल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्यांनी ओटा पुसला, दोन्ही बर्नरवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले आणि गॅस पेटवला. ज्योत पिवळी, फरफरती उठली. तव्याचं बूड काळं झालं. घाबरून त्यांनी गॅस बंद केला आणि शेगडी धुवायची म्हणून वर तांब्याभर पाणी ओतलं. तेवढ्यात सायली दुकानातून आली.

"आत्या, हे काय केलं?" सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडं रीत आहे.

"पूजा केली. नव्या चुलीला आधी कुंकू लावत्यात."

"चूल नाय ती! मी कंपनीत, अन् तुम्ही इथं घर पेटवून ठेवताल. नको मला ती नोकरी." सायलीनं लायटर उचलून पर्समध्ये टाकला.

"आता काय लायटर घेऊन कामाला जाती का?"

"जातच नाय म्हणलं ना!"

दुपारी शेगड्या दुरुस्त करणारे सांडू मिस्त्री आले. त्यांनी बर्नर काढून उलटा ठोकला. ओल्या कुंकवाचा लगदा आणि तांदळाचे दाणे फरशीवर पडले.

"मावशी, देवघर हितंच मांडलं व्हय?"

"हसू नको. कसं काढलं ते दाखव." मिस्त्रींनी दाखवलं. "आता परत दाखव."

बर्नर थंड झाल्यावरच उचलायचा, छिद्रं टाचणीनं मोकळी करायची, ओला बर्नर बसवायचा नाही. गॅसचा वास आला तर सिलिंडरची कळ बंद करायची, खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. आवडाबाईंनी हे सगळं मिस्त्रींना म्हणून दाखवलं, मगच त्यांना चहा दिला. सायलीला म्हणाल्या, "सोमवारपर्यंत कंपनीला काही कळवू नको."

शनिवारी त्यांनी गावाकडून आणलेल्या राखेनं शेगडी घासली. पत्र्यावर ओरखडे उठले. सायली बघून म्हणाली, "लई चांगलं झालं. आता नक्षी पण आली."

रविवारी सकाळी सायलीनं पेटवून दिलेल्या शेगडीवर दूध तापत होतं. टँकरचा हॉर्न वाजला आणि खाली गेलेल्या सायलीनं हाक मारली, "आत्या, पाईप धरायला या, पळा!" आवडाबाई पळाल्या. भरल्या कळश्या घेऊन दोघी परतल्या, तर जिन्यातच वास आला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस चालूच होता.

आवडाबाईंनी कळशी पायरीवर ठेवली. "तू इथंच थांब. बटणाला हात लावू नको." नाकाला पदर लावून त्या आत गेल्या, कळ बंद केली, खिडक्या उघडल्या आणि बाहेर येऊन सुनेशेजारी उभ्या राहिल्या. वास जाईपर्यंत दोघी जिन्यात होत्या.

"चूक माझी," आवडाबाई म्हणाल्या. "दूध ठेवून आले."

"हाक मीच मारली," सायली म्हणाली.

दूध पत्र्यावर वाळून चिकटलं होतं. टँकरच्या पाण्याला आवडाबाईंनी हात लावला नाही. सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात होतं. त्यात फडकं भिजवून त्यांनी डागांवर पसरलं आणि वांगी चिरायला बसल्या. वांगी संपेपर्यंत डाग सुटले. बर्नर त्यांनी टोचला, ठोकला, पुसला, उन्हात ठेवला. सायली दारात उभी राहून बघत होती.

"लायटर दे."

सायलीनं पर्समधून काढून दिला. ज्योत गोल, निळी उठली.

"उद्या डब्याला काय देताय?" सायलीनं विचारलं.

त्या उन्हाळ्यात पाणी वाचवायच्या नादात आवडाबाई आणखी काही शिकल्या. तेल उडालं की परातीत उरलेलं ज्वारीचं पीठ त्यावर भुरभुरायचं. पीठ तेल पितं आणि कोरड्या फडक्यानं निघतं. पितळी बर्नरला आमटीतल्या चिंचेचा चोथा पुरतो. राखेचे ओरखडे मात्र गेले नाहीत, आणि कुणी शिकायला आलं की त्या आधी तेच दाखवतात. हळदकुंकू आता शेगडीमागच्या भिंतीवरच्या फरशीला लागतं.

इमारतीच्या पलीकडं तेव्हा पडीक रान होतं. तिथं आज चार इमारती आहेत आणि टँकर त्यांच्याही दारात उभे राहतात. सायली त्याच कारखान्यात आहे, आता दहा जणींचं काम बघते. संध्याकाळी ती बेल वाजवते तेव्हा दार लगेच उघडत नाही. आवडाबाई आधी सिलिंडरची कळ बंद करतात. सायली तोवर बाहेर थांबते.