एक नग, नाशवंत

मुलगी चार महिन्यांची असताना लेडी डॉक्टरांनी तिचे वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवायला सांगितले. सोलापुरातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत तेव्हा मी, पत्नी, मुलगी आणि बाळंतपणासाठी मोडनिंबहून आलेली माझी आत्या, एवढी माणसे होती. मी एका साप्ताहिकात बाजारभाव आणि स्थानिक बातम्या लिहीत असे. अंक शनिवारी निघे, रविवार मोकळा असे.

आत्याने पहिल्या दिवशीच विरोध नोंदवला. तोललेल्या मुलाला नजर लागते, असे तिचे म्हणणे होते.

"लेकरू काय गुळाची ढेप हाय व्हय तागडीत घालायला?"

दोन दिवसांच्या चर्चेनंतर तडजोड झाली. वजन करायचे, पण सोलापुरात नाही. ओळखीच्या माणसाची नजर अधिक कडक असते. एकाही रविवारी वजन उतरले, तर बाळ-बाळंतिणीने मोडनिंबला यायचे आणि मुलगी अंग धरेपर्यंत तिथेच राहायचे. ही शेवटची अट आत्याची होती. मोडनिंबच्या घरात चौदा माणसे होती. पत्नीने तिथे लग्नानंतरचे दीड वर्ष काढले होते, त्यातला बहुतेक काळ चुलीपुढे. सोलापूरच्या खोल्यांत येऊन तिला सहा महिने झाले होते. मी तिला विचारले, अट मान्य आहे का. ती म्हणाली, "वजन उतरणारच नाही." हे उत्तर नव्हते, पण मी ते उत्तर म्हणून धरले.

होटगी स्टेशनावर आम्हाला कोणी ओळखत नव्हते. तिथल्या पार्सल ऑफिसात विड्याच्या पानांच्या करंड्या तोलायचा एक लहान काटा होता आणि तो छटाकापर्यंत, म्हणजे शेराच्या सोळाव्या भागापर्यंत, वजन दाखवी. मुलीला नेण्यासाठी मी छापखान्यातून खोक्यांच्या फळ्या आणून एक पेटी केली. ती तीन वेळा केली. पहिली चौकोनी झाली नाही. दुसरी चौकोनी झाली, पण खिळ्यांची टोके आत आली. तिसरीला दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी बसवल्या. पेटी, आतली गोधडी आणि मुलीचे कपडे यांचे वजन आमच्या वाण्याकडे आधीच करून ते पेटीच्या बाजूला रंगाने लिहिले. निर्जीव वस्तूंना आत्याची हरकत नव्हती.

पहिल्या रविवारी आत्याने स्वतः गोधडी पसरली, मुलीला आत निजवले आणि ती सिद्धेश्वराच्या देवळात प्रवचनाला गेली. आम्ही घराला कुलूप लावून पेटी दोघांत धरून स्टेशन गाठले.

होटगीच्या पार्सल बाबूने पेटीत वाकून पाहिले.

"मगू आहे की हे!" तो म्हणाला. त्याची घरची भाषा कानडी होती, तीत मगू म्हणजे मूल. "फॉर्मात मगूचा रकाना नाही."

"पाठवायचं नाही. फक्त तोलायचं आहे."

"पाठवायचं नाही त्याला काटा नाही. जिवंत प्राणी लिहू? मग पिंजरा लागतो, आणि वाटेत मेला तर जबाबदारी मालकाची."

पत्नी म्हणाली, "अहो, तसलं काही लिहू नका."

बाबूने बराच विचार केला. शेवटी त्याने फॉर्म भरला: एक नग, नाशवंत. पाठवणार होटगी, घेणार होटगी. मुलगी काट्यावर चढली, तोलली गेली आणि बाबूने फॉर्म रद्द केला. पेटीचे वजन वजा जाता साडेपाच शेर भरले. मी ते डायरीत लिहिले. परतीच्या गाडीला तीन तास होते, म्हणून आम्ही फलाटावर बसून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि मालगाड्या पाहिल्या. पत्नी म्हणाली, असे बाहेर बसून ती कित्येक दिवसांत जेवली नव्हती.

दुसऱ्या रविवारी निघताना कुलूप सापडेना. खुंटीवर नव्हते, कोनाड्यात नव्हते, पलंगाखाली नव्हते. आत्या मुलीला पेटीत ठेवून बाजूला झाली होती.

"सुतळीनं बांध की," ती म्हणाली. "हाय काय घरात न्यायला?"

मी कडीला सुतळी बांधली. वाटेत दोनदा थांबावे लागले, कारण पेटीची मूठ हाताला काचत होती. मी म्हणालो, पेटी आज जड लागते.

"पेटी नाही, तुमची लेक जड झालीय," पत्नी म्हणाली आणि तिने तिच्या बाजूची मूठ आणखी वर उचलली.

सहा शेर तीन छटाक भरले. बाबूने स्वतः होऊन पुन्हा तोलले. "आठवड्यात अकरा छटाक," तो म्हणाला. "आमच्या म्हशीचं रेडकू असं वाढलं नाही." पत्नी त्या दिवशी गाडीत सगळा वेळ बोलत होती. संध्याकाळी कुलूप खुंटीवर होते. मी तशी नोंद केली.

त्यानंतरच्या शुक्रवारी आत्या काही कामासाठी मोडनिंबला गेली. तिसऱ्या रविवारी गोधडी पत्नीने पसरली. कुलूप जागेवर होते, ते दाराला लावून आम्ही निघालो. पाच शेर दहा छटाक. म्हणजे नऊ छटाक उतार.

बाबूने काटा पुसला, वजने तपासली आणि पुन्हा तोलले. आकडा तोच आला. या वेळी त्याने काही उपमा दिली नाही. भाकरी तशीच बांधून परत आणली.

सोमवारी आत्या आली. पत्नीने तिला आकडा स्वतः सांगितला. मी खोटे लिहिणार नाही हे तिला माहीत होते आणि तिने तसे सुचवलेही नाही. बुधवारी सकाळच्या कुर्डुवाडीच्या गाडीने निघायचे ठरले. पत्नीने डबे रिकामे करून उपडे घातले. मंगळवारी तिने भाजी जास्त केली आणि खानावळ कोणती बरी ते मला विचारले.

बुधवारी टांगा दारात आला. आत्या पेटीपाशी बसली होती.

"ते कुलूप आण हितं."

मला वाटले, ती दाराला लावणार. तिने ते गोधडीच्या घडीत, मुलीच्या पायांखाली सारले.

पत्नीच्या हातात वळकटी होती. तिने ती खाली ठेवली. "आत्याबाई, कुलूप कशाला?"

"लोखंड नगं व्हय पायाशी? वेशीबाहेर निघालंय लेकरू."

"आणि होटगीला नेत होतो तेव्हा?"

"होटगी काय वेशीच्या आत हाय?"

"म्हणजे दर रविवारी ठेवलंत?"

"मी हाय तवर ठेवलं. पयल्यांदा अडकित्ता ठिवला, तर दिसभर सुपारी कातरायला मिळाली न्हाय. मग दुसऱ्या येळी कुलूप ठिवलं. परवाला मी हितं न्हवते."

पत्नीने गोधडीतून कुलूप काढले, आत्याच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि पदर सावरून वाण्याकडे गेली. टांगेवाल्याने दोनदा हाक मारली. मी त्याला थांबायला सांगितले. वाणी विचारत होता ते घरापर्यंत ऐकू आले, "वहिनी, मोडीत घालायचंय का?"

"नुसतं तोला."

अडकित्ता चार छटाक, कुलूप बारा. मी डायरी उघडली. पहिल्या आकड्यातून अडकित्ता वजा केला, दुसऱ्यातून कुलूप. पाच शेर चार. पाच शेर सात. पाच शेर दहा. मुलगी दर आठवड्याला बरोबर तीन छटाकांनी वाढली होती. उतरले होते ते कुलूप.

आत्याने हिशेब दोनदा ऐकला.

"म्हंजे पोरगी वाढतीय."

"हो, आत्याबाई."

"मग बिनलोखंडाची नेली तवा वजन कसं उतरलं?"

"उतरलंच नाही. कागदावर तसं दिसलं."

"तेच म्हनते की. लोखंड न्हवतं, तर नजर लागली. लेकराला न्हाय लागली, कागदाला लागली."

गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा पत्नी डबे सुलटे करत होती. टांगेवाला रिकामा गेला.

आत्याने मोडनिंबची अट मागे घेतली, लोखंडाची घेतली नाही. अडकित्ता द्यायलाही ती तयार नव्हती. म्हणून मी पेटीच्या बाजूचा जुना आकडा खोडून नवा लिहिला: पेटी, गोधडी, कपडे, कुलूप. मुलगी आपल्या पायांनी चालेपर्यंत आमच्या घराचे कुलूप दर रविवारी होटगीला जाऊन येई, आणि घराला सुतळी असे. त्या काळात घरातून काहीही चोरीला गेले नाही.