मनुकांच्या रसाची नोंद

दिनांक १० एप्रिल १९७९, मंगळवार, दुपारी चार.
जागा: विहारासमोरचा ओटा, नंतर वस्तीतली घरं.
हजर: मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर आजी. सचिव, म्हणजे माझी आई. सभासद बाया पाच. नोंदी लिहायला मी.
गैरहजर: सिस्टरबाई, आमच्या शेजारीण.

शेवटची ओळ मी आज जोडली आहे. रजिस्टरात ती नाही, कारण सिस्टरबाई मंडळाच्या सभासद नव्हत्या. पण त्या दिवशी झडती त्यांच्या घराची झाली, तेव्हा हजेरीत त्यांचा उल्लेख असायला हवा होता. रजिस्टर आई गेल्यावर माझ्याकडे आलं. पाठीमागे वाळवीनं खाल्लेलं असलं तरी पानं सगळी शाबूत आहेत, मोजून पाहिली.

आमची वस्ती बोरगाव मेघेच्या कडेला, वर्ध्याचं गाव संपून शेतं सुरू होतात तिथे. घरं बौद्धांची, मधेमधे इतरांची. जिल्ह्यात दारूबंदी होती, म्हणजे दुकानं नव्हती; दारू होती. मोहाची, गुळाची, मडक्यात पुरलेली, कडब्याखाली लपवलेली. म्हणून बायांनी मंडळ काढलं. पंचशीलातलं पाचवं शील नशा न करण्याचं, आणि आजीचं म्हणणं असं की पुरुष ते विहारात म्हणतात आणि विहाराबाहेर विसरतात, तर त्यांना आठवण द्यायला कुणीतरी हवं. चौदा एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात झडती ठरलेली असे. जयंतीच्या दिवशी वस्तीत कुणी झिंगलेलं दिसू नये, एवढाच उद्देश.

आईला सही येत होती, लिहिता येत नव्हतं. माझं अक्षर बरं, नववीची परीक्षा संपलेली, म्हणून रजिस्टर माझ्याकडे. त्यात मी तीन गोष्टी ठेवत असे. हजेरी, ठराव, आणि ज्या घरातून वास येतो त्या घरांची यादी. वास आलेलं घर यादीत टाकायचं, मग ते कुणाचंही असो, हा नियम आजीचा. तो मला फार आवडायचा.

चौथी गोष्ट मी त्याच रजिस्टराच्या मागच्या पानावर ठेवली होती, तिचा मंडळाशी संबंध नव्हता.

सिस्टरबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या, तेव्हा अडतीस-चाळीसच्या, एकट्या. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. संध्याकाळी आई आणि त्या ओट्यावर तूर निवडायला बसत. आई तोंडानं आणि हातानं सारखीच जलद होती, सिस्टरबाई एकेक खडा ताटाच्या कडेला नीट रचून ठेवत.

एकदा आईनं विचारलं, "काय वो सिस्टरबाई, तुमच्या चर्चात दर इतवारी सांगतेत तरी काय?"

"तुमच्या विहारात सांगतात तेच असावं, ताई. जीव घेऊ नको, चोरी करू नको."

"अन्?"

"परक्या माणसाकडे वाकड्या नजरेनं पाहू नको."

"मंग आमचंच सांगून राह्यल्या तुमी," आई म्हणाली. "आमच्यापासून नेलं का तुमच्यापासून आमी आनलं?"

"विचारून सांगते. पण पाळकसाहेब पुढच्या महिन्यात येतील."

मी मागच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे आमचं, उजवीकडे त्यांचं. पहिल्या तीन ओळी जुळल्या. चौथीला डावीकडे "खोटं बोलू नये", आणि सिस्टरबाईंनी उजवीकडे लिहायला सांगितलं, "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये."

आई हसली. "निरा शेजाऱ्याच्याच? अन् दूरच्या गल्लीतल्याच्या नावानं दिली तं चालते?"

"शेजारी म्हणजे सगळेच, ताई."

"मंग तसं लिवा ना. उगा शेजाऱ्याले काऊन धरलं?"

मलाही ती ओळ अरुंद वाटली होती. आमचं मोठं, त्यांचं लहान, असं मनाशी ठरवून मी पुढे गेले. पाचव्या ओळीत उजवीकडे मोकळं राहिलं. सिस्टरबाई म्हणाल्या की त्यांच्याकडे झिंगू नये असं सांगितलंय, पण पिऊच नये असं देवाच्या दहा आज्ञांत सरळ कुठे नाही. आजी तेवढ्यात काठी टेकत आली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अर्धं सोडून देल्लं त्यायनं. पन बाई चांगली हाये." आईबापांचा मान राखण्याची ओळ उजवीकडे होती, डावीकडे मोकळी. ती आजीनं तिथेच भरून घेतली: पंचशीलात नसलं तरी गृहस्थाला केलेल्या उपदेशात आहे, लिही. वैर धरू नये, हे दोन्हीकडे. वाईटाला वाईट परतवू नये, हे दोन्हीकडे.

सिस्टरबाईंना एक गोष्ट मात्र कळत नव्हती. "ताई, पंचशील एकदा घेतलं की घेतलं. दर रविवारी पुन्हा मागून का घेता?"

"कारन सा दिवसांत कुठं ना कुठं मोडते," आई म्हणाली. "मोडलं नाई असं कोन म्हनन?"

सिस्टरबाईंनी हातातला खडा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाल्या, त्यांच्याकडेही दर रविवारी क्षमा मागतात, तेच शब्द, दर वेळी. त्यांना लहानपणापासून वाटायचं, मागच्या रविवारची पुरली नाही का?

"म्हंजे तुमचंबी आठवड्याचंच," आई म्हणाली. तिला ते फार पटलं. त्या दोघींची खरी मैत्री त्या संध्याकाळपासून धरायला हरकत नाही.

आता दहा एप्रिल.

त्या वर्षी गुड फ्रायडे तेरा तारखेला, जयंती चौदाला आणि ईस्टर पंधराला, असे तीन दिवस एकापाठोपाठ आले होते. सोमवारी मी सिस्टरबाईंची चाळणी परत द्यायला गेले. त्या ड्युटीवर होत्या. त्यांचं दार कधी कुलपात नसे, नुसती कडी; शेजारी आम्ही आहोत म्हणून. चाळणी आत ठेवली तेव्हा पिठाच्या डब्यामागून आंबूस वास आला. गोडसर, नाकात चढणारा. तो वास मी ओळखत होते. तीन घरं त्याच वासावरून यादीत टाकली होती. डब्यामागे चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं.

मी घरी आले आणि यादीत चौथं घर लिहिलं.

संध्याकाळी सिस्टरबाई परत आल्या, ओट्यावर बसल्या, माझ्याशी बोलल्या. मी विचारलं नाही. नियमात विचारायचं असं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता की मी ओळखीचं घरही सोडलं नाही.

मंगळवारी ओट्यावर यादी वाचली. चौथ्या घरावर आई थांबली. "सिस्टरबाईच्या घरी? काऊन व?"

"वास आला," मी म्हणाले.

"तुले बराबर मालूम हाये?"

"बरणी पाहिली मी."

आईनं आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "यादीत हाये ना? मंग चाला. उद्या म्हनतीन, बायायनं आपलं मानूस सोडलं."

पहिल्या तीन घरांत काही मिळालं नाही. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं असणार. चौथ्यात बरणी मिळाली. आजीनं फडकं सोडून वास घेतला. "आंबलं हाये." रस काळा होता, वर फेस. अंगणात नेऊन तिनं बत्त्याचा एकच घाव घातला. मी दाराशी उभी राहून लिहिलं: "एक बरणी दारू सापडली, जागीच नष्ट केली." आईनं सही केली. झडतीत काही सापडलं की नोंदीची नक्कल चौकीत द्यायची असा ठराव होता. नक्कल मी लगेच काढली.

सिस्टरबाई सहाला आल्या. अंगणात काळा डाग आणि बरणीचे तुकडे. आई आमच्या दारात उभी होती, तिला आत जाताही येईना आणि पुढेही होता येईना.

"ताई, हे काय झालं?"

"मंडळाची झडती होती, सिस्टरबाई. तुमच्या घरी दारू निघाली."

सिस्टरबाई पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं: गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाइन आणत नाहीत, म्हणून काळ्या मनुका उकळून त्यांचा रस करतात. मंडळीतली कुणीतरी बाई दरवर्षी तो करते. त्या वर्षी पहिल्यांदाच हे काम सिस्टरबाईंना दिलं होतं. रविवारी रस केला, पण उन्हामुळे तो चढला. "आंबला होता ना? मग मीच टाकला असता," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही लिहिलंय काय?"

मी रजिस्टर मागे धरलं. आई म्हणाली, "दाखव." मी वाचून दाखवलं.

"ही नक्कल चौकीत जाणार?"

"जाते," आई म्हणाली.

"नर्सच्या घरी दारू सापडली हा कागद चौकीत गेला, तर मला दवाखान्यात ठेवतील का, ताई?"

मग सिस्टरबाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "तू कालच आली होतीस ना चाळणी घेऊन? संध्याकाळी इथेच बसली होतीस. मला विचारायचं होतंस."

मागच्या पानावरची चौथी ओळ मला तेव्हा आठवली. शेजारी. साक्ष. मी अरुंद ठरवलेली ओळ माझ्याच मापाची निघाली होती. आमच्या डावीकडच्या ओळीतही तीच गोष्ट होती, पण खोटं बोलायचं म्हणून मी बोलले नव्हते, तेव्हा तिच्यातून मी सुटले असते. उजवीकडच्या ओळीतून सुटायला जागा नव्हती.

आईनं माझ्या हातातून नक्कल घेतली आणि चुलीत घातली. मग डोक्यावर पदर घेऊन आजीकडे गेली. परत आली ती मंडळाच्या मनुकांची पुडी घेऊन. जयंतीच्या खिरीसाठी जमवलेल्या. मागून आजीही आली.

"सिस्टरबाई," आजी म्हणाली, "आंबलेलं फोडलं ते बराबर केलं. इचारलं नाई ते चुकलं. हे घ्या अन् उद्या करा. आन ह्या खेपेले थंड पान्यात ठेवजा, नाईतर मी पुन्हा येईन बत्ता घेऊन."

सिस्टरबाईंना हसू आलं. त्या हसल्यावर आईला रडू आलं.

बुधवारी संध्याकाळी आमच्याच चुलीवर मनुका उकळल्या. आई ढवळत होती, सिस्टरबाई गाळत होत्या, मी आमची लोणच्याची बरणी तीनदा घासून दिली. रात्रभर ती ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. आईनं चमचाभर रस चाखून पाहिला, गंभीरपणे. "नाई चढत," म्हणाली. गुरुवारी सकाळी रस चर्चला गेला.

शनिवारच्या खिरीत मनुका नव्हत्या. पंगतीत एकानं विचारलं तर आजी म्हणाली, "खीर खाय. मनुका देवाच्या घरी गेल्या." "आपल्यात देव कुठून आला?" असं त्यानं म्हणताच, "शेजारनीच्या देवाच्या," असं सांगून ती पुढच्या पंगतीकडे वळली. सिस्टरबाई आमच्या शेजारीच जेवायला बसल्या होत्या, त्यांनी दोनदा खीर घेतली.

रविवारी विहारात आईनं शील घेतलं. चौथं शील सगळ्यांबरोबर म्हणून झाल्यावर तिनं ते एकटीनं पुन्हा म्हटलं. त्याच सकाळी पलीकडे सिस्टरबाई त्यांची क्षमा मागत होत्या. कशाबद्दल, ते मला कधी कळलं नाही. त्यांच्याकडून काही चुकलंच नव्हतं. पण मागायची दर आठवड्याला, त्यामुळे त्यांनी मागितली असणार.

रजिस्टरातलं पान फाडायचं नाही असं आजीनं ठरवलं. पानांवर आकडे होते, फाडलेलं कळलं असतं. पुढच्या बैठकीत सिस्टरबाईंना बोलवायचं, दुरुस्ती लिहायची, तिघींनी सह्या करायच्या. पण मे महिन्यात उन्हामुळे बैठक झाली नाही, आणि जूनमध्ये सिस्टरबाईंची बदली आर्वीकडच्या दवाखान्यात झाली. जाताना त्यांनी आमची बरणी परत दिली आणि आईनं ती परत त्यांच्याच सामानात ठेवली.

पुढे १९८४ च्या सुमारास देवळीच्या बसस्टँडवर त्या भेटल्या. मी नोकरीला लागले होते, हातात फाइल. त्यांनी आधी आईची चौकशी केली आणि मग विचारलं, "माझी दारू अजून रजिस्टरात आहे का गं?"

"आहे," मी म्हणाले. "दुरुस्ती करायची आहे."

"कर. सहीला मी येते. आणि बरणी अजून वापरात आहे, आईला सांग. त्यात आता लोणचंच असतं."

गाडी आली. आईला निरोप दिला. ती म्हणाली, "मंग लिव ना लौकर." आजी त्याच वर्षी गेली. आई पुष्कळ नंतर.

दुरुस्तीचा मजकूर माझ्याकडे तयार आहे. "दिनांक १० एप्रिल १९७९ च्या नोंदीत दारू असं लिहिलं आहे, ते चूक आहे. तो प्रभुभोजनासाठी केलेला मनुकांचा रस होता. घरच्या बाईला न विचारता नोंद केली, ही चूक नोंद लिहिणारीची." खाली तीन सह्यांच्या जागा आखल्या होत्या. दोन आता होणार नाहीत, त्या जागी कारण लिहिलं आहे. तिसरी सिस्टरबाईंची. त्या नगरजवळ भाचीकडे असतात, पत्ता माझ्याकडे आहे, तब्येत बरी आहे असं मागच्या नाताळच्या पत्रात होतं. रजिस्टर घेऊन तिकडे जायचं काम मी दोनदा दिवाळीनंतरच्या यादीत घातलं आणि दोनदा पुढे ढकललं. या वर्षीच्या यादीतही ते आहे, बाराव्या क्रमांकावर. त्याच्यापुढे अजून खूण नाही.