उतर, बेटा

आम्हाला मल्लखांब शिकवणारे सुपडू आबा दोराखाली उभे राहायचे ते दोन्ही तळवे वर करून. आम्ही पोरी दोरीच्या मल्लखांबावर चढायचो, निद्रासन लावायचो, अंग स्थिर झालं की खालून आवाज यायचा, "झकास! आते उतर, बेटा." उतरायचं, तळहाताला पावडर लावायची, पुन्हा चढायचं, दुसरं आसन. पाचोऱ्यात आमच्याइतकी नेटकी आसनं कोणाची नव्हती. पण स्पर्धेत लागतो संच. एका आसनातून दुसऱ्यात, मध्ये जमिनीला पाय न लावता. तो जोडायचं नाव काढलं की आबांचं एकच, "घाई काय शे? आखो कच्चं शे."

त्यांचा डावा कोपर सरळ होत नसे. तरुणपणी संच करताना, आसन बदलतानाच दोर सुटला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे आबांना कोणी काही बोलत नसे.

एकदा मी त्यांची पाठ फिरलेली बघून तीन आसनं सलग जोडली. काय सांगू, अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं! वळून बघतात तो आबांचा चेहरा पांढराफटक. "उतर! उतर म्हंतस ना!" दोर त्यांनी इतका घट्ट धरला होता की मला उतरताही येईना.

माझ्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष. धुळ्याच्या स्पर्धेला आबा स्वतः घेऊन गेले. मी आनंदात. आणि माझा नंबर यायच्या आत या माणसाने माझं नाव काढून घेतलं. "पुढला साल, बेटा." कसलं पुढलं साल? एक पोरगी चवडे वाकडे ठेवून, डगमगत, पण न थांबता संच करून पदक घेऊन गेली. मी पावडर लावलेले हात मांडीवर ठेवून बघत बसले. मग बारावी, मग लग्न.

गेल्या महिन्यात आबा अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले. सूनबाईंनी चहा दिला. आबांनी माझं मनगट चाचपलं. "एक हाड तरी मोडनं का तुन्हं?"

"नाही मोडलं, आबा. पण संच राहिला हो माझा. एकदाही नाही झाला."

आबा प्रेमाने हसले. "करसूत ना, बेटा. पुढला साल."

मी चहा तसाच ठेवून उठले. पंधरवड्यात आबा गेले. मी पोचवायला गेले नाही.